मऊ रोस्ट आणि मध्यम चढण

१८०९ साली इंग्रजांनी बंगळूरच्या जुन्या पेठेच्या पूर्वेस लष्करी छावणी वसविली. छावणीबरोबर दोन सवयीही तेथे रुजल्या. पहिली, रविवारच्या जेवणात भाजलेल्या गोमांसाचा मोठा तुकडा, म्हणजे 'रोस्ट', मांडण्याची. आणि दुसरी, सवड मिळताच शहरापासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावरील नंदी डोंगर गाठण्याची. म्हैसूरचे आयुक्त सर मार्क कबन यांनी तर त्या डोंगरावर स्वतःसाठी बंगलाच बांधला होता. स्वयंपाकघर आणि डोंगर यांचा परस्परांशी काय संबंध, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही ठिकाणी आपला संबंध एकाच वस्तूशी येतो. ती वस्तू म्हणजे स्नायू होय.

मांस म्हणजे प्रामुख्याने स्नायूंचे तंतू. या तंतूंच्या जुड्या कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाच्या वेष्टनांनी एकत्र बांधलेल्या असतात. जो स्नायू अधिक राबतो, त्यात हे वेष्टन अधिक असते. म्हणूनच पाठीचे मांस मऊ, तर खांद्याचे व पायाचे मांस चिवट असते. जनावराचे वय वाढते तसतसे कोलॅजेनच्या धाग्यांमधील सांधे पक्के होत जातात आणि ते उष्णतेला सहजासहजी दाद देत नाहीत.

बंगळूरच्या संदर्भात या वयाला विशेष महत्त्व आहे. कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्यानुसार गाय, बैल, वासरू आणि तेरा वर्षांखालील म्हैस व रेडा यांच्या कत्तलीस बंदी आहे. त्याचा अंमल २०२१ पासून सुरू झाला. तेरा वर्षांपेक्षा अधिक वयाच्या म्हशीची कत्तल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला मिळाल्यावरच करता येते. अर्थात बीफ म्हणून येथे कायदेशीरपणे जे विकले जाते, ते मुख्यतः वृद्ध म्हशीचे मांस असते. कोवळ्या बैलाच्या मांसासाठी इंग्रजी पाकपुस्तकांत दिलेली रीत, म्हणजे भट्टीतील कोरड्या आचेवर थोडा वेळ भाजून आतून गुलाबी ठेवण्याची रीत, या मांसाला लागू केली तर पदरी निराशाच येईल.

याचे कारण उष्णतामानात आहे. ५० अंश सेल्सियसच्या पुढे स्नायूंचे तंतू आकसू लागतात आणि त्यांतील रस बाहेर पडतो. मांस घट्ट होते ते यामुळे. कोलॅजेन मात्र ७० अंशांच्या वर, ओलाव्यात आणि कित्येक तासांनी विरघळते व त्याचे सरसासारखे मऊ जिलेटीन बनते. म्हणजे मधल्या टप्प्यावर मांस सर्वांत कठीण झालेले असते. अनेक गृहिणी नेमक्या याच वेळी धीर सोडतात आणि आच वाढवितात.

छावणीतील अँग्लो-इंडियन घरांमध्ये रुळलेला 'पॉट रोस्ट' हा यावरील उत्तम तोडगा आहे. खांद्याचा किंवा मांडीचा सुमारे दीड किलोचा अखंड तुकडा घ्यावा, त्याला मीठ चोळून रात्रभर थंड जागी, शक्यतो शीतकपाटात, ठेवावा. दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर तो सर्व बाजूंनी तांबूस करावा. या तांबूसपणाने चव येते. रस आत कोंडला जातो, ही समजूत मात्र खरी नाही. नंतर कांदा, अख्खी काळी मिरी, लवंगा, दालचिनी, सुक्या मिरच्या, दोन चमचे व्हिनेगर आणि दोन कप पाणी घालून घट्ट झाकण लावावे. बंगळूर सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते. आपल्या कामाला तेवढी उष्णता पुरेशी आहे. पाणी जेमतेम हलेल इतक्या मंद आचेवर तीन ते चार तास पातेले ठेवावे. काटा सहज आत जाऊन तितक्याच सहजपणे बाहेर आला, म्हणजे मांस शिजले असे समजावे. बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात घालावेत. तंतूंना आडवे छेद देऊन काप केल्यास घासात येणारे तंतू आखूड होतात व मांस अधिक मऊ लागते. बीफ न खाणाऱ्यांना जून बोकडाच्या मटणासाठीही हीच रीत उपयोगी पडेल.

आता डोंगराकडे वळू. नंदीचा माथा १४७८ मीटर उंच आहे. पायथ्याच्या सुलतानपेठेहून किल्ल्याकडे जुनी पायऱ्यांची वाट जाते आणि चढण सुमारे पाचशे मीटरची आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक सोपा ठोकताळा दिला : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढणीला आणखी एक तास. चार किलोमीटरची वाट आणि पाचशे मीटरची चढण धरली, तर सुमारे एक तास चाळीस मिनिटे लागतील. विश्रांतीचा वेळ त्यात धरलेला नाही, हे नवख्यांनी विसरू नये.

येथेही उतावीळपणा नडतो. ज्या वेगाने चालताना सोबत्याशी सलग बोलता येते, तोच दिवसभर टिकणारा वेग होय. उतरण सोपी वाटते. परंतु उतरताना मांडीचे स्नायू भाराखाली ताणले जात असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणाऱ्या ठणक्याचे मूळ बहुधा तेथेच असते. म्हणून उतरताना पावले आखूड व गुडघे किंचित वाकलेले असावेत. पहाटे निघावे, तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी लागेल असे धरावे आणि वाटेच्या प्रवेशाविषयीच्या नियमांची आधी चौकशी करावी.

शिजविलेले मांस मात्र पिशवीत घालून उन्हात नेऊ नये. दोन तासांत, आणि कडक उन्हात तासाभरातच, ते धोकादायक होऊ शकते. वाटेसाठी शेंगदाणे, चिक्की व केळी पुरेत. रोस्ट आदल्या दिवशी शिजवून, लवकर निववून, त्याच्या रसासह शीतकपाटात ठेवावा. थंड असतानाच त्याचे काप सुबक पडतात; ते रसात घालून चांगली उकळी येईपर्यंत गरम करावेत. संध्याकाळी थकलेल्या पायांनी घरी परतणाऱ्याला जेवण तयार मिळेल आणि त्याची भूकही खरी असेल.