खंडेनवमीच्या पाटावरील पाना

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. या दिवशी शस्त्रांबरोबर उपजीविकेच्या साधनांचेही पूजन करण्याची आपली परंपरा आहे. नाशिकच्या इंदिरानगरातील कित्येक घरांचा चरितार्थ अंबड व सातपूर येथील कारखान्यांवर चालतो. १९६५ साली स्थापन झालेल्या टपारिया टूल्सचा हत्यारांचा कारखानाही सातपूरलाच आहे. अशा परिसरात पूजेच्या पाटावर पाना विराजमान व्हावा, हे उचितच होय.

पान्याची थोरवी किमतीत नसून पकडीत आहे, असे आम्हांस वाटते. दुतोंडी पाना नटाच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो. रिंगपाना त्यास चोहोबाजूंनी वेढतो. म्हणून घट्ट बसलेल्या नटास रिंगपानाच लावावा. घरातील सायकल, पलंग, नळ यांसाठी १०, १३ व १७ मिलिमीटरचे पाने आणि एक मध्यम स्क्रूपाना बहुधा पुरतो. त्यास फार द्रव्य लागत नाही. नित्य काम करणाऱ्या कारागिराने मात्र क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा घडीव संच घ्यावा.

स्वस्त आणि हिणकस यांत भेद आहे. मऊ लोखंडाच्या पान्याचे तोंड फाकते, नटाचे कोपरे झिजतात, पाना निसटतो आणि बोटे ठेचतात. त्याच बोटांवर घर चालते! शक्यतो पाना आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. दांड्यास नळी जोडून जोर करू नये.

पूजेपूर्वी प्रत्येक पाना पुसून निरखावा. धड असेल त्यास तेलाचा हात फिरवून झेंडूचे फूल वाहावे. तोंड फाकलेला मात्र पेटीत पुन्हा ठेवू नये.