डिजिटल व्हर्नियरचा सेल सारखा का संपतो? आणि जुन्या कॅल्क्युलेटरच्या सोलर पट्टीवर तो कसा चालवायचा?

पाचशे-सातशे रुपयांचा डिजिटल व्हर्नियर कॅलिपर आता बऱ्याच घरांत आणि छोट्या वर्कशॉपमध्ये दिसतो. मोजमाप ठीक येतं, वापरायला सोपा आहे. तक्रार एकच: महिना-दोन महिन्यांनी डबीतून बाहेर काढावा, तर डिस्प्ले कोरा नाहीतर आकडे लुकलुकतायत. आपण तर बंद करून ठेवला होता, मग सेल गेला कुठे?

या लेखात आपण त्याचं कारण समजून घेऊ. मग जुन्या कॅल्क्युलेटरमधली सोलर पट्टी लावून हाच व्हर्नियर सेलशिवाय कसा चालवता येतो, आणि हा उद्योग कोणी करावा, कोणी करू नये, तेही पाहू.

बंद केलेला व्हर्नियर खरंच बंद असतो का?

नसतो. स्वस्त व्हर्नियरच्या पट्टीवर, स्टिकरच्या खाली, तांब्याच्या बारीक रेषांची रांग असते. सरकणाऱ्या भागातही तसेच तांब्याचे तुकडे असतात. दोन्ही मिळून छोटे छोटे कपॅसिटर तयार होतात. जबडा सरकला की त्यांची किंमत बदलते आणि आतली चिप त्यावरून किती अंतर सरकलं ते मोजत राहते.

इथे 'मोजत राहते' हे महत्त्वाचं. या चिपला जागा थेट कळत नाही. शून्यापासून किती पुढे आलो याचा हिशोब ती ठेवते. हिशोब तुटला तर शून्य हरवतं. म्हणून ऑफचं बटण दाबल्यावर फक्त डिस्प्ले जातो, चिप आत जागीच असते. डिस्प्लेला वीज फारच थोडी लागते, त्यामुळे चालू आणि बंद यांतला फरक जवळपास नाहीच.

आता गणित करू. असे बरेच व्हर्नियर साधारण १० ते २० मायक्रोअँपिअर करंट घेतात. मधला १५ धरू. एलआर ४४ या अल्कलाइन बटन सेलची क्षमता साधारण १२० मिलिअँपिअर-तास असते. १२० ला ०.०१५ ने भागलं की ८,००० तास येतात, म्हणजे सुमारे अकरा महिने, तेही व्हर्नियरला हात न लावता!

प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाहीत. अल्कलाइन सेलचा व्होल्टेज वापरासोबत हळूहळू उतरतो आणि तो १.४ च्या खाली जाऊ लागला की बरेच व्हर्नियर लुकलुकायला लागतात. सेलमध्ये जीव असतो, पण आपल्या कामाचा नसतो. स्वस्त व्हर्नियरसोबत आलेला सेल आधीच जुना असेल तर बघायलाच नको.

सोलरवर चालेल का?

१५ मायक्रोअँपिअर ही इतकी छोटी भूक आहे की खोलीतला उजेडही ती भागवू शकतो. साधा सोलर कॅल्क्युलेटर ट्यूबलाइटखाली चालतो, तसंच हे. जपानची मितुतोयो कंपनी कारखान्यातूनच सोलर व्हर्नियर बनवून विकते. पण त्यांची पट्टी अॅब्सोल्यूट प्रकारची असते, म्हणजे वीज गेली तरी शून्य हरवत नाही. आपल्या स्वस्त व्हर्नियरचं तसं नाही. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोणती सोलर पट्टी घ्यायची?

गार्डन लाइटमधली निळसर-काळी पट्टी इथे कामाची नाही. ती उन्हासाठी बनवलेली क्रिस्टलाइन सिलिकॉनची असते, घरातल्या उजेडात तिचा व्होल्टेज पार पडतो. कॅल्क्युलेटरमधली तपकिरी पट्टी अमॉर्फस सिलिकॉनची असते आणि ती ट्यूबलाइट, एलईडीच्या उजेडात चांगली चालते.

उजेडातला फरकही समजून घ्या. भर दुपारच्या उन्हात साधारण १,००,००० लक्स उजेड असतो, तर नीट दिवा लावलेल्या खोलीत २०० ते ५००. साधारण साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक पट्टी २०० लक्सला जेमतेम १२-१३ मायक्रोअँपिअर देते. आपल्याला १५ हवेत, म्हणजे काम काठावर. म्हणून दोन पट्ट्या घ्या आणि प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडा.

एक सावधगिरी: बऱ्याच स्वस्त कॅल्क्युलेटरवरची सोलर पट्टी खोटी असते! नुसतं रंगवलेलं प्लास्टिक. म्हणून उघडल्यावर आधी मल्टिमीटर लावा. दिव्याखाली २ व्होल्टच्या आसपास दिसले तर पट्टी खरी.

काय काय लागेल?

- कॅल्क्युलेटरच्या दोन सोलर पट्ट्या
- ०.१ फॅरडचा सुपरकपॅसिटर, ५.५ व्होल्टचा
- एक शॉट्की डायोड, उदाहरणार्थ बीएटी ८५
- एक साधा लाल एलईडी
- बारीक वायर, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर

प्रत्येक पार्टचं काम काय?

सुपरकपॅसिटर म्हणजे छोटी टाकी. हातामुळे पट्टीवर सावली पडली किंवा व्हर्नियर मशीनखाली गेला, तरी तेवढा वेळ वीज टिकते. १.५५ वरून १.३५ व्होल्टपर्यंत यायला ०.१ फॅरडच्या कपॅसिटरला १५ मायक्रोअँपिअरने सुमारे २२ मिनिटं लागतात. कपॅसिटर स्वतःही थोडी वीज गळतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच धरा. 'मग १ फॅरडचाच लावू की!' असं वाटेल. टाकी दहापट मोठी, पण भरायलाही दहापट वेळ. घरातल्या उजेडात ती भरता भरता दिवस जाईल.

शॉट्की डायोड अंधारात कपॅसिटरची वीज सोलर पट्टीतून उलटी वाहू देत नाही. साध्या डायोडपेक्षा यात व्होल्टेज कमी खर्च होतो, म्हणून हाच घ्यायचा.

लाल एलईडी इथे दिव्यासाठी नाही, सेफ्टी व्हॉल्व्हसारखा आहे. उन्हात पट्टीचा व्होल्टेज २ च्या वर जातो, आणि आपली चिप १.५ व्होल्टच्या सेलसाठी बनलेली असते. लाल एलईडी १.५ ते १.६ व्होल्टच्या आसपास वीज वाहू द्यायला लागतो आणि जास्तीची वीज स्वतःतून काढून टाकतो. पांढरा किंवा निळा एलईडी चालणार नाही, तो अडीच व्होल्टच्या पुढे सुरू होतो.

जोडणी कशी करायची?

१. आधी भूक मोजा. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवून सेलच्या सिरीजमध्ये लावा. ३० च्या वर करंट दिसला तर तो व्हर्नियर सोलरसाठी योग्य नाही, तिथेच थांबा.

२. सोलर पट्ट्यांच्या प्लसकडून डायोड, आणि डायोडच्या रेघ असलेल्या टोकाला कपॅसिटरचा प्लस. पट्ट्यांचा मायनस थेट कपॅसिटरच्या मायनसला.

३. एलईडी कपॅसिटरला समांतर लावा, लांब पाय प्लसला. तो डायोडच्या पुढे, कपॅसिटरच्या बाजूलाच हवा. डायोडच्या आधी लावला तर डायोडमधला खर्च वजा होऊन कपॅसिटरला सुमारे १.४ व्होल्टच मिळतील आणि आकडे लुकलुकतील.

४. व्हर्नियरला जोडण्याआधी सगळं खिडकीत ठेवा आणि कपॅसिटरवरचा व्होल्टेज बघत राहा. तो १.५ ते १.६५ च्या मध्ये येऊन थांबला पाहिजे. जास्त असेल तर दुसरा लाल एलईडी लावून बघा, प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा असतो.

५. व्हर्नियरच्या आत सोल्डर करायची गरज नाही. सेलच्या मापाची, म्हणजे ११.६ मिलिमीटर व्यासाची आणि ५.४ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चकती करा, दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटवा आणि वायर तिला जोडा. उद्या मन बदललं तर चकती काढून सेल घालता येईल.

६. बऱ्याच स्वस्त व्हर्नियरमध्ये सेलचा प्लस धातूच्या बॉडीला जोडलेला असतो. मल्टिमीटरने खात्री करा आणि मायनसची वायर बॉडीला कुठेही टेकणार नाही अशी बसवा.

७. पहिल्यांदा कपॅसिटर रिकामा असतो. पेन्सिल सेल १०० ओहमच्या रेझिस्टरमधून मिनिटभर लावला की तो भरतो, उजेडाची वाट बघायला नको.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: सोलर पट्टी आणि बटन सेल एकत्र ठेवू नका. हा सेल चार्ज करायचा नसतो. तसं केल्यास तो लीक होऊन आतले कॉन्टॅक्ट खराब करू शकतो.

वापरताना काय लक्षात ठेवायचं?

रात्री डबीत ठेवला की वीज जाणार आणि शून्यही जाणार. सकाळी व्हर्नियर उजेडात चालू होईल, आकडाही झोकात दाखवेल, पण चालू होताना जबडा जिथे असेल तिथेच तो शून्य धरेल. जबडा ३ मिलिमीटर उघडा असेल तर त्यानंतरचं प्रत्येक माप ३ मिलिमीटर कमी येईल. लेथवर जॉब लावलेल्या माणसाचा त्यात अख्खा तुकडा वाया जाऊ शकतो. म्हणून नियम एकच: माप घेण्याआधी जबडा पूर्ण मिटवा, झिरो दाबा, मग मोजा. अंधाऱ्या कोपऱ्यात थोडा वेळ काम केलं असेल, तरी पुन्हा तेच.

मग हे करावं का?

खरं सांगायचं तर सेल वाचवण्याचे याहून सोपे उपाय आहेत. एसआर ४४ हा सिल्व्हर ऑक्साइड सेल थोडा महाग मिळतो, पण शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकतो, म्हणून जास्त महिने चालतो. बाहेरून एक पेन्सिल सेल जोडला तर तो त्याच भुकेवर अनेक वर्षं पुरेल, फक्त हातात थोडा बोजड वाटेल. आणि कधीतरीच वापरत असाल तर सेल काढून डबीत वेगळा ठेवा, खर्च शून्य!

कारखान्यात दिवसभर मापं घेणाऱ्याने एसआर ४४ वापरावा. तिथे शून्य टिकणं जास्त मोलाचं आहे. सोलरचा उद्योग खिडकीजवळच्या टेबलावर काम करणाऱ्यांसाठी, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणि घरात लहान मुलं असलेल्यांसाठी चांगला आहे. बटन सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, आणि तसं घडलं तर लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. घरात असा एक जरी सेल कमी राहिला तरी बरंच.