पत्त्यात नाव हवं की आकडा?

वेबपानाच्या पत्त्यात '#' हे चिन्ह आलं, की त्याच्या पुढचा मजकूर ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. ट्विटरला हा साधा नियम महागात पडला. २०१० मध्ये कंपनीने संकेतस्थळ नव्याने बांधलं, पान जुळवण्याचं काम वाचकाच्या ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टवर सोपवलं आणि पत्त्यांत '#!' शिरलं. शोधयंत्राला अशी पानं रिकामी दिसत. त्यावर गूगलने एक पळवाट सुचवली होती. २०१२ मध्ये ट्विटर साध्या पत्त्यांकडे परतलं, तेव्हा पान पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळ पूर्वीच्या एकपंचमांशावर आला. २०१५ मध्ये गूगलनेही ती पळवाट मोडीत काढली. पण लोकांनी ठिकठिकाणी दिलेले जुने दुवे उरलेच. '#' पुढचं काही सर्व्हरला दिसत नाही, त्यामुळे तो त्यांना नव्या जागी वळवू शकत नाही. ते ओळखणारी जावास्क्रिप्ट मुखपृष्ठावर जपून ठेवावी लागते.

म्हणून पत्त्यात शोधयंत्राच्या मर्जीचं नाव हवं की प्रोग्रामरच्या सोयीचा आकडा, हा वाद मला अपुरा वाटतो. आधी विचारावं, पत्त्यातलं काय कधीच बदलणार नाही? मथळा बदलतो, विभाग बदलतात, सर्व्हरवरची भाषासुद्धा बदलते. टिकतो तो डेटाबेसमधला नोंद क्रमांक. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पत्त्यात आधी प्रश्नाचा क्रमांक असतो, मग मथळा. सर्व्हर क्रमांकावरून पान शोधतो. मथळा चुकला असेल तर वाचकाला बरोबर पत्त्यावर नेऊन सोडतो. मथळा कितीदाही बदलला तरी जुना दुवा चालतो.

मराठीत तर मथळ्याची लांबी फारच वाढते. यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह धरून तीन अक्षरांत लिहिला जातो. 'मराठी' या शब्दात पाच चिन्हं, म्हणजे ४५ अक्षरं! मराठी विकिपीडियाचा दुवा कॉपी करून पाहा, टक्केचिन्हांची रांग लागते. अनेक मराठी वृत्तस्थळं मथळा रोमन अक्षरांत लिहून शेवटी आकडा जोडतात. गूगलची मार्गदर्शिका मात्र सांगते, की पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळपास परिणामच होत नाही. मग तो मथळा उरतो वाचकासाठी, आणि मराठी वाचकासाठी तो देवनागरीतच असावा. आजचे प्रमुख ब्राउझर पत्त्याच्या पट्टीत तो नीट दाखवतात. फक्त आकडा मथळ्याच्या आधी ठेवावा. लांबलचक दुवा संदेशात मध्येच तुटला, तरी क्रमांक शाबूत राहतो आणि पान उघडतं.