रेडिएटरची गाडी घ्यावी की साधी?

मे महिन्यातली दुपार. जुना जालन्यात गांधी चमनजवळ आमच्या ओळखीच्या मिस्त्रींच्या गॅरेजात आम्ही बसलो होतो. आमचा भाचा आणि त्याचा दोस्त मोटारसायकलींवर हैदराबादला जाऊन नुकतेच परतले होते. भाच्याकडे साडेतीनशेची हवेवर थंड होणारी गाडी, दोस्ताकडे रेडिएटरवाली. दोस्ताच्या उजव्या हाताला मात्र मनगटापर्यंत पट्टी होती.

“मामू, आता तुम्हीच सांगा, कोणती चांगली?” भाच्याने विचारले. त्याला गाडी बदलायची आहे, आणि त्याच्या अम्मीचा विरोध आहे.

साध्या गाडीच्या इंजिनावर पातळ पट्ट्या असतात, मिस्त्री त्यांना फिन म्हणतात. धावताना अंगावर येणारा वारा तिथली उष्णता घेऊन जातो. गाडी थांबली की वारा थांबतो. बाजारातल्या गर्दीत किंवा रेल्वे फाटकावर इंजिन तापत जाते, तेल पातळ होते, चढावर ठकठक ऐकू येते. भाचा वाटेत अर्धा तास लिंबाखाली थांबला होता, तो याच कारणाने. पण पंप, नळ्या, पंखा, कूलंट यांपैकी काहीच नसल्याने बिघडायलाही फारसे काही नसते.

दुसऱ्या प्रकारात कूलंट इंजिनभोवती फिरते आणि रेडिएटरमध्ये थंड होते. गाडी उभी असली तरी पंखा चालू होतो. तापमान ठरावीक पट्ट्यात राहते, म्हणून लहान इंजिनातून जास्त ताकद काढता येते. साडेतीनशेची क्लासिक सुमारे 20 अश्वशक्ती देते, तर डॉमिनारचे 373 सीसीचे इंजिन जवळजवळ दुप्पट. हिमालयनचे 411 सीसीचे जुने इंजिन हवा आणि तेलावर थंड होई. 2023 मध्ये आलेल्या 452 सीसीच्या इंजिनाला कंपनीने रेडिएटर दिला.

मग दोस्ताचा हात कसा भाजला? रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला होता. वारा आत जाईना, काटा चढला, आणि त्याने घाईत झाकण फिरवले. आत दाब असतो, त्या दाबामुळेच कूलंट शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि सगळे उसळून अंगावर येते. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये, ही गोष्ट गाडी विकत घेताना कुणीतरी सांगायला हवी होती.

आमचे मत विचाराल तर, दर महिन्याला दूरवर जाणाऱ्याने, तेही उन्हाळ्यात जोडीदाराला आणि सामानाला घेऊन, रेडिएटरची गाडी जरूर घ्यावी. भाचा वर्षातून दोनदा बाहेर पडतो, एरवी नव्या जालन्यातल्या दुकानापर्यंत. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो खरा, पण तिथे दुचाकीला बंदी. जुन्या रस्त्यांवर त्या जादा ताकदीचा उपयोग तरी किती? तो रुसला, पण गाडी आणखी दोन वर्षे वापरायला तयार झाला.

मिस्त्रींनी दोस्ताच्या रेडिएटरची जाळी हलक्या पाण्याने धुतली, कारण जोराच्या फवाऱ्याने पात वाकतात. मग कूलंट भरून उरलेला डबा त्यांनी सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि त्यांचा चार वर्षांचा नातू रोज दुपारी गॅरेजात खेळायला येतो.