चिखलीतून पोलीस व्हायचंय? धावण्याइतकंच महत्त्वाचं असं काही



पहाटे साडेपाचला स्पाईन रोडला गेलात तर कोणी ना कोणी पळताना दिसतंच. त्यातले दोन-तीन दरवर्षी माझ्याच वर्गातले असतात. वडील कंपनीत नाईट करून घरी परततात आणि मुलगा किंवा मुलगी पळायला बाहेर पडते. "सर, भरती निघाली की सांगा हं," एवढंच त्यांचं मागणं. पण भरती निघाल्यावर तयारीला लागणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. म्हणून आज सगळं नीट समजून घेऊ.

आधी आपलं शहर. 15 ऑगस्ट 2018 रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं. त्याआधी पिंपरी, निगडी, भोसरी हा भाग पुणे शहर पोलिसांकडे होता आणि चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव पुणे ग्रामीणकडे. आता चिखली पोलीस ठाण्यापासून चाकणपर्यंत सगळे एका आयुक्तांच्या हाताखाली आले. भरतीच्या भाषेत आयुक्तालय म्हणजे एक स्वतंत्र 'घटक'. पिंपरी-चिंचवड, पुणे शहर, पुणे ग्रामीण, पुणे लोहमार्ग हे वेगवेगळे घटक आहेत. प्रत्येकाच्या जागा वेगळ्या, गुणवत्ता यादीही वेगळी. गेल्या काही भरतींत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. तेव्हा घटक विचार करून निवडा. चिखलीत राहतो म्हणून इथे एकही गुण जास्त मिळत नाही. बीड, नांदेड, लातूरची मुलंही इथेच अर्ज भरतात. 2024 साली आपल्या घटकात शिपायांच्या 262 जागा होत्या. 2021 मध्ये झालेल्या भरतीत 720 जागा होत्या आणि अर्ज लाखाच्या वर आले होते.

पात्रता सोपी वाटते, पण इथेच आपल्याकडची मुलं अडकतात. शिक्षण बारावी पास हवं. कंपनी पट्ट्यात दहावीनंतर आयटीआय करणारे खूप. त्यांनी लक्षात ठेवा, नुसती आयटीआय पुरत नाही. बारावी किंवा शासनाने समकक्ष ठरवलेली परीक्षा हवी. वय खुल्या गटाला 18 ते 28, मागास प्रवर्गाला 33 पर्यंत. उंची मुलांना 165 सेंटिमीटर, मुलींना 155. मुलांची छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 सेंटिमीटर जास्त भरली पाहिजे.

आता परीक्षा. 2021 मध्ये लेखी आधी झाली होती. त्यानंतरच्या भरतींत मैदान आधी आणि लेखी नंतर. मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावणे 20 गुण, 100 मीटर 15 आणि गोळाफेक 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. सोळाशे मीटरला पूर्ण 20 गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. रोज पळणाऱ्या पोरांनाही ते जड जातं. गोळ्याकडे तर बहुतेकांचं लक्षच नसतं. डांबरी रस्त्यावर पळून पळून नडग्या दुखवून घेतात आणि गोळा पहिल्यांदा हातात धरतात तो थेट चाचणीच्या दिवशी! 15 गुण म्हणजे थोडे नाहीत.

मैदानात निम्मे, म्हणजे 25 गुण मिळाले तर पात्र. पण लेखीला बोलावतात ते प्रवर्गातल्या जागांच्या दहापट उमेदवारांना. त्यामुळे 25 वर समाधान मानू नका. लेखी 100 गुणांची, 90 मिनिटांची: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी. पास व्हायला 40 टक्के लागतात, निवड व्हायला त्याहून बरेच जास्त. मराठी व्याकरणाचे गुण सोडणारी मराठी माध्यमाची मुलं पाहिली की मला मास्तर म्हणून वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा. मैदान आणि लेखी पार झाल्यावर वैद्यकीय तपासणी होते आणि चारित्र्य पडताळणी होते. माझा एक जुना विद्यार्थी शाळेत आला होता. "सर, चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्या." दिला. वर्गात त्याचं वर्तन चांगलंच होतं. पण बारावीनंतर वस्तीतल्या एका हाणामारीत तो मित्रांच्या मागे उभा होता आणि त्याचंही नाव गुन्ह्यात आलं. माझा दाखला तिथे काय कामाचा? पडताळणीत पोलीस आपली नोंदवही पाहतात, शाळेची नाही.

म्हणून सांगतो. वाढदिवसाला कोयत्याने केक कापून रील टाकणं ही गंमत नाही, त्यावर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो. कोणी तक्रार करायचीही गरज नसते, व्हिडिओ पुरतो. आणि समजा नाव आलंच, तर? सगळ्यात मोठी चूक म्हणजे फॉर्ममध्ये ते लपवणं. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात हे स्पष्ट केलं. उमेदवाराने दिलेली माहिती खरीच हवी. लपवल्यास नियुक्ती रद्द होऊ शकते. मात्र कोवळ्या वयातली किरकोळ बाब असेल तर नेमणूक करणारा अधिकारी ती माफ करू शकतो. म्हणजे खरं लिहिणाऱ्याला निदान विचार होण्याची आशा असते. 18 वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण असेल तर बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 24 त्याच्या बाजूचं आहे. अशा मुलाला, अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडता, पुढे त्या कारणाने अपात्र ठरवता येत नाही. पालकांनो, असं काही घडलं असेल तर गल्लीतल्या 'ओळखवाल्याकडे' न जाता वकिलाला भेटा.

ओळखवाल्यांचा विषय निघालाच आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये आपल्याच आयुक्तालयाच्या लेखी परीक्षेला हिंजवडीच्या केंद्रावर एक उमेदवार तोंडावरच्या मास्कमध्ये मोबाईलचं यंत्र बसवून आला होता. झडतीत ते सापडलं. पोलीस व्हायला आला आणि आरोपी झाला! "इतके लाख द्या, पोरगं लावून देतो" म्हणणारे आपल्या भागातही फिरतात. अधिकृत फी खुल्या गटाला 450 आणि मागास प्रवर्गाला 350 रुपये होती. त्यापलीकडे कोणालाही काही द्यायचं नसतं.

अधिकारीच व्हायचं असेल तर वाट वेगळी. कुठल्याही शाखेची पदवी घ्या आणि एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षकाची परीक्षा द्या. शिपाई म्हणून लागूनही हवालदार, सहायक उपनिरीक्षक अशी बढती मिळते आणि नोकरी करत पदवी घेऊन एमपीएससी देणारेही आहेत.

शिपायाचं मूळ वेतन 21,700 रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. प्रशिक्षण केंद्रात काही महिने राहावं लागतं. खंडाळा आणि दौंडजवळचं नानवीज ही त्यातली आपल्याला जवळची.

आत्ता करायचं काम म्हणजे एक फाईल बनवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर. सगळ्यांवर नाव एकसारखं आहे का ते बघा. आधारवर 'गणेश' आणि दाखल्यावर 'गणेशकुमार' असेल तर शाळेत या, आपण दुरुस्तीचा अर्ज मिळून लिहू.