आपट्याचं कॅलिफोर्नियातलं भावंड

क्युपर्टिनोत दसऱ्याला आपटा कुठून आणणार? शेजारच्या काकूंनी हातावर सोनं म्हणून रेडबडचं पान ठेवलं. बदामाच्या आकाराचं, कडेने पिवळं पडलेलं.

गंमत म्हणजे दोन्ही झाडं एकाच उपकुळातली! आपट्याचं पान टोकाला दुभंगतं, रेडबडचं सहसा नाही.

कौत्सासाठी कुबेराने आपट्यावर 14 कोटी सुवर्णमुद्रा पाडल्या, ही आपली कथा. युरोपातल्या रेडबडचं नशीब खोटं. 30 चांदीच्या नाण्यांसाठी येशूला धरून देणाऱ्या यहूदाने म्हणे याच झाडाला गळफास घेतला, आणि पांढरी फुलं शरमेने गुलाबी झाली. 14व्या शतकातल्या इंग्लंडात हाच ठपका एल्डरच्या झाडावर होता. झाडं बिचारी!

वसंतात रेडबड बघा, पानांआधी उघड्या फांद्यांवर फुलं फुटतात.

तुमच्याकडे सोनं म्हणून कुठलं पान देता?