पन्हळीची परीक्षा

कौलारू घर पहिल्या मोठ्या पावसात कुठे गळते? पुष्कळदा दोन पाखी आतल्या कोनात जिथे मिळतात तिथेच. दुपाखी घराला काटकोनात दुसरे दुपाखी घर जोडले की असा कोन तयार होतो आणि त्यात पत्र्याची पन्हळ बसवतात.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पूर्व भागात पाऊस बेताचा. तिकडची जुनी घरे सपाट धाब्याची. पण अकोले तालुक्यातले घाटघर ‘नगरची चेरापुंजी’ म्हणून ओळखले जाते. अशा ठिकाणी पन्हळ मृगाआधीच तपासलेली बरी.

आधी थोडा हिशेब. दोन्ही पाख्यांखाली मिळून ४० चौरस मीटर जमीन झाकली आहे असे समजा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. तासाला ६० मिलिमीटर वेगाने सर कोसळली, तर त्या एकट्या पन्हळीतून मिनिटाला ४० लिटर पाणी जाईल!

गंमत अशी की एवढे पाणी पाख्यांपेक्षा मंद उतारावरून वाहते. दोन्ही पाखी ३० अंशांची असली तरी पन्हळ तेवढी उतरती नसते. ती तिरपी जाते. तितकीच उंची उतरायला तिला आडवे अंतर १.४१ पट कापावे लागते. म्हणून तिचा उतार भरतो सुमारे २२ अंश. पुठ्ठ्याचे छप्पर करून कोनमापकाने मोजून पाहा.

आता जोड. वरच्या पत्र्याची कड खालच्या पत्र्यावर आलेली हवी. तशी असली तरी मधल्या फटीत केशाकर्षणाने पाणी वर चढते. फट अर्ध्या मिलिमीटरची असेल तर ते उभ्या उंचीत फार तर ३ सेंटिमीटर चढेल. पण २२ अंशांच्या उतारावर तेच अंतर जवळजवळ ८ सेंटिमीटर होते. म्हणून चार बोटे चढवलेला पत्रा पुरत नाही, १५ सेंटिमीटर तरी हवा. आणि वाहत्या भागाच्या मधोमध खिळा ठोकलेला दिसला, तर रंग कितीही चकचकीत असो, काम वाईट समजावे. खिळ्यांची जागा कडेला, कौलांखाली.

मग पाण्याची परीक्षा. मोठ्या माणसाने शिडीवरून, कौलांवर पाय न देता, पन्हळीत पाणी ओतावे. तुम्ही आत बॅटरी घेऊन उभे राहा. सुरुवात सर्वांत खालच्या जोडापासून. वरून ओतले तर पाणी साऱ्या जोडांवरून जाते आणि गळका कोणता ते कळत नाही. थेंब पडेल तिथेच भोक असेल असेही नाही, कारण पाणी लाकडाच्या खालच्या अंगाने बरेच दूर सरकते. लाकूड काळे पडले असेल तर त्यात खिळा टोचून बघायला सांगा. तो सहज रुतला तर नुसता पत्रा बदलून भागणार नाही.